दाखला म्हणजे कोणता दाखला?

शाळेच्या कार्यालयाच्या खिडकीशी आपण कधी अर्धा तास उभे राहिला असाल, तर पुढचा संवाद नक्की ऐकला असेल. एक पालक येतात आणि म्हणतात, "मुलाचा दाखला पाहिजे होता." लिपिक मान वर न करता विचारतात, "कशासाठी?" "शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडायचाय." "मग बोनाफाइड म्हणा की! उद्या दुपारी या." काम संपले. लिपिकांच्या त्या एका प्रश्नाला पाच सेकंदही लागले नाहीत. पण तो विचारलाच गेला नसता आणि कपाटातून पहिला हाताला लागेल तो छापील दाखला भरून दिला असता, तर? शाळा सोडल्याचा दाखला निघाला की पटावरचे नाव कमी होते. शिष्यवृत्ती मागायला आलेल्या मुलाची शाळाच सुटली असती.

मे २०२५च्या सुटीत आमच्या हातून नेमके हेच झाले. आम्ही तिघे, म्हणजे दोन शिक्षक आणि संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारा आमचा एक मित्र, एका शाळेच्या कार्यालयासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक लहानसा एजंट बनवून पाहत होतो. नोंदी सगळ्या खोट्या होत्या, नावे आम्हीच बसून रचलेली होती, त्यामुळे कोणाचे नुकसान झाले नाही. झाली ती आमची फजिती. ती आमच्याच लिहिण्यामुळे झाली असल्याने आज त्या लिहिण्याचेच परीक्षण करायचे आहे. कविता-कादंबऱ्यांची समीक्षा होते, पाठ्यपुस्तकांची होते. चार ओळींच्या साधन-वर्णनाची का होऊ नये? या ओळी वाचून यंत्रे आता खरी कामे करू लागली आहेत.

एजंट म्हटले की हप्त्याची आठवण करून देणारे विम्याचे गृहस्थ डोळ्यांसमोर येतात. शब्द अगदीच अस्थानी नाही. दोघेही दुसऱ्याच्या वतीने काम करतात. संगणकातल्या एजंटाच्या मुळाशी असते ते भाषा-प्रारूप, म्हणजे ज्याला सर्रास लँग्वेज मॉडेल म्हटले जाते ते. ते मजकूर वाचते आणि मजकूर लिहिते, एवढेच. नोंदवही उघडणे, पत्र पाठवणे, दाखला छापणे ही कामे त्याला स्वतः करता येत नाहीत. त्यासाठी त्याला साधने दिली जातात. प्रत्येक साधनाबरोबर एक छोटा मजकूर जातो: साधनाचे नाव, ते काय करते याचे वर्णन आणि ते वापरायचे तर कोणते रकाने भरायचे त्याची यादी. प्रारूप हा मजकूर वाचते, समोरच्या माणसाची मागणी वाचते, आणि योग्य वाटेल त्या साधनाचे रकाने भरून एक अर्ज लिहिते. तो अर्ज घेऊन खरे काम करते ती बाजूला उभी असलेली नेहमीची आज्ञावली. निकाल पुन्हा मजकूर म्हणून प्रारूपाकडे येतो.

ओपनएआय या कंपनीने जून २०२३मध्ये ही सोय आज्ञावलीकारांना उपलब्ध करून दिली. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिकने साधने जोडण्याची एक सामाईक पद्धत मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या नावाने सर्वांसाठी खुली केली, आणि एकाने लिहिलेले साधन दुसऱ्याच्या एजंटाला लावणे सोपे झाले. इतिहास एवढा पुरे. ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की साधनाच्या पोटात काय चालते ते प्रारूपाला सहसा दिसत नाही. त्याच्या दृष्टीने वर्णन हेच साधन.

आता आमचे मूळ लेखन पाहा. शब्द न शब्द देत आहोत.

"दाखला: विद्यार्थ्याचा दाखला तयार करतो. रकाने: नाव, तारीख."

"विद्यार्थी-यादी: विद्यार्थ्यांची यादी देतो. रकाने: नाहीत."

लिहिताना आम्हाला यात काहीही उणे दिसले नाही. उलट थोडक्यात आणि स्वच्छ लिहिल्याचे समाधानच वाटले. मग आम्ही यंत्राला सांगितले, "सातवीतल्या प्रणवला शिष्यवृत्तीसाठी दाखला हवा आहे, तो काढून दे." यंत्राने आधी सगळ्या शाळेची यादी मागवली, साडेसातशे नावे. त्यात सातवीत दोन प्रणव होते. पहिला सापडला तो त्याने घेतला. 'तारीख' या रकान्यात त्याची जन्मतारीख लिहिली. आणि आमच्या मित्राने 'दाखला' या नावाखाली जी आज्ञावली बसवली होती ती शाळा सोडल्याच्या दाखल्याची असल्याने तोच दाखला निघाला, पटावरून चुकीच्या प्रणवचे नाव गेले, आणि यंत्राने नम्रपणे कळवले की शिष्यवृत्तीसाठीचा दाखला तयार आहे. कोठेही त्रुटीचा लाल शब्द उमटला नाही. सगळे सुरळीत पार पडले होते!

पहिली प्रतिक्रिया अर्थातच "यंत्र मूर्ख आहे" ही होती. प्रयोगवहीत भलतेच निरीक्षण आले की आपणही मुलांना असेच काहीसे म्हणतो. पण मग आम्ही तो मजकूर आमच्या शेजारी राहणाऱ्या, शाळेशी काही संबंध नसलेल्या एका बाईंना वाचायला दिला आणि विचारले, यात तारीख म्हणजे कोणती? त्या म्हणाल्या, "जन्मतारीखच असेल ना?" यंत्राची बाजू तिथेच सिद्ध झाली. दोष वाचणाऱ्याचा नव्हता. तारीख म्हणजे शाळा सोडल्याची तारीख हे आमच्या मित्राला माहीत होते, कारण आज्ञावली त्याने लिहिली होती. दाखला म्हणजे कोणता हे त्याला माहीत होते, कारण त्या दिवशी त्याच्यासमोर तेवढाच एक छापील नमुना होता. ज्याला सारे माहीत आहे त्यानेच, ज्याला काहीच माहीत नाही त्याच्यासाठी लिहायचे, ही या लेखनप्रकारातली मूळ अडचण आहे. प्रयोगाच्या कृतीत "परीक्षानळीत थोडे आम्ल घ्या" असे लिहिणाऱ्या पाठ्यपुस्तककर्त्याची अडचण हीच. त्याच्या मनातले 'थोडे' दोन मिलिलिटर असते. शेवटच्या बाकावरच्या मुलाचे अर्धी नळी. फरक इतकाच की वर्गात आपण फेरी मारत असतो.

त्यानंतर सप्टेंबर २०२५मध्ये अँथ्रॉपिकच्या अभियंत्यांनी एजंटांसाठी साधने कशी लिहावीत यावर एक लेख प्रसिद्ध केला. तो आम्ही आमच्या चुकांच्या यादीशी ताडून पाहिला. बहुतेक चुका तिथे ओळखीच्या निघाल्या. रकान्याला नुसते 'यूझर' असे नाव देऊ नका, 'यूझर आयडी' असे द्या, म्हणजे तिथे नाव लिहायचे की क्रमांक हा संभ्रम राहणार नाही, असे तो लेख सांगतो. आमचा 'नाव' हा रकाना आठवा. सगळे पत्ते ओतून देणाऱ्या साधनापेक्षा हवा तो पत्ता शोधून देणारे साधन बरे, असेही त्यात आहे. आमची साडेसातशे नावांची यादी! एक उदाहरण गमतीचे आहे. त्यांच्या प्रारूपाला इंटरनेटवर शोध घेण्याचे साधन दिले तेव्हा ते प्रत्येक शोधाच्या शब्दांना विनाकारण '२०२५' जोडू लागले आणि त्यामुळे निकाल बिघडू लागले. दुरुस्ती कुठे केली? साधनाच्या वर्णनात. प्रारूप तेच राहिले, चार शब्द बदलले.

त्या लेखातल्या एका सल्ल्याशी मात्र आमचे पुरते जुळत नाही. संघात नव्याने दाखल झालेल्या सहकाऱ्याला सांगाल तसे साधनाचे वर्णन करा, असे ते म्हणतात. सुरुवात म्हणून सल्ला उत्तम आहे. गृहीत धरलेल्या गोष्टी त्याने उघड्या होतात. पण नवा लिपिक पहिल्या दिवशी काय काय करतो ते आठवून पाहा. तो शेजारच्या टेबलावर विचारतो. शिपायाच्या चेहऱ्यावरून ओळखतो की आपण काहीतरी भलते करत आहोत. लाल शाईच्या रजिस्टराला हात लावायची त्याला आपोआपच भीती वाटते. आणि मुख्य म्हणजे सोमवारी खाल्लेली बोलणी त्याला मंगळवारी आठवतात. एजंटापाशी यांतले फारसे काही नाही. वेगळी सोय केली नसेल तर प्रत्येक नव्या संभाषणात तो पुन्हा पहिल्या दिवसाचाच लिपिक असतो. प्रश्न विचारणे त्याला येते, पण समोर आलेले काम पुरे करण्याकडे त्याचा ओढा असतो, आणि केव्हा थांबून विचारायचे ते सांगितले नाही तर तो बऱ्याचदा अंदाजाने पुढे जातो. नवा लिपिक पहिल्या आठवड्यात चुका करून जे शिकतो तेवढे सगळे वर्णनातच हवे.

म्हणून आम्ही दुसऱ्यांदा लिहिले ते असे:

"शाळा सोडल्याचा दाखला. विद्यार्थी ही शाळा कायमची सोडून जात असेल तेव्हाच वापरावे. लोक याला टीसी, एलसी किंवा नुसते 'दाखला' असेही म्हणतात. हा दाखला निघताच पटावरून विद्यार्थ्याचे नाव कमी होते आणि या साधनाने ते पुन्हा चढवता येत नाही. शिष्यवृत्ती, बसचा पास, बँकेचे खाते यांसाठी हे साधन वापरू नये. त्यासाठी 'बोनाफाइड दाखला' हे साधन आहे. मागणाऱ्याने कारण सांगितले नसेल तर काहीही न करता आधी त्याला कारण विचारावे. रकाने: जनरल रजिस्टर क्रमांक. येथे नाव लिहू नये. क्रमांक माहीत नसल्यास 'विद्यार्थी-शोध' या साधनाने मिळवावा. शाळा सोडल्याची तारीख. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, उदाहरणार्थ २०२५-०४-३०."

लांबी पाचपटीहून अधिक झाली. पण यातले कोणते वाक्य काढता येईल ते पाहू गेलो तर एकही सापडले नाही. 'कशासाठी वापरू नये' हे वाक्य आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते, आणि बहुतेक वर्णनांत नेमके तेच नसते. साधन काय करते ते सगळे लिहितात. शेजारच्या साधनाशी त्याची सीमा कोठे आहे ते कोणी लिहीत नाही. नकाशात गावाचे नाव आहे, शिव आखलेली नाही, असा तो प्रकार.

लोक काय म्हणतात हे वाक्यही महत्त्वाचे. साधनांची वर्णने बहुधा इंग्रजीत लिहिली जातात आणि मागणी येते मराठीतून. 'सर्टिफिकेट' या इंग्रजी नावाच्या साधनापाशी 'दाखला' हा शब्द बराचसा पोचतो, पण कोणत्या, हा प्रश्न उरतोच. 'उतारा' म्हटले की मराठीच्या शिक्षकाला गद्य उतारा आठवतो, शेतकरी पालकाला सातबारा आणि दवाखान्यात विषावरचा. ज्या गावात साधन वापरायचे त्या गावचे शब्द वर्णनात हवेत, आणि ते कंपनीतला अभियंता लिहू शकणार नाही. हे काम खिडकीच्या आतल्या माणसाचे आहे.

तारखेचा क्रम लिहिला तो उगाच नव्हे. ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. एककांच्या बाबतीत असे गृहीत धरल्याने मोठमोठे घात झाले आहेत. १९९९मध्ये मंगळाजवळ पोचलेले मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान नष्ट झाले, कारण एका आज्ञावलीने दिलेले आकडे पौंड-सेकंदांत होते आणि ते वाचणाऱ्या दुसऱ्या आज्ञावलीने न्यूटन-सेकंद धरले होते. रकाना होता, आकडा होता, एकक लिहिण्या-वाचण्याच्या मध्ये कुठेतरी गळले.

इथवर आम्ही वर्णनाचे गोडवे गायले. आता दुसरी बाजू. आमचे सुधारलेले वर्णन पुन्हा वाचताना त्यातला एक सूर खटकू लागला. 'तेव्हाच वापरावे', 'वापरू नये', 'काहीही न करता'. इतके धाक घालावे लागतात याचा अर्थ काय? अर्थ असा की साधनच धोक्याचे बनवले आहे. एका अर्जात दाखलाही छापायचा आणि पटावरचे नावही खोडायचे, अशी दोन कामे आम्ही एकत्र बांधली होती. प्रत्यक्ष शाळेत तरी असे होते का? लिपिक दाखला लिहितात, मुख्याध्यापक सही करतात. मध्ये एक दार आहे. आम्ही ते दार काढून टाकले आणि त्याच्या जागी सूचनेची पाटी लावली! शेवटी साधन बदलले. आता ते फक्त दाखल्याचा मसुदा तयार करते, आणि नाव कमी करण्याचे काम एजंटाच्या हाती दिलेलेच नाही. वर्णनातली तीन वाक्ये आपोआप गळाली.

याला पुष्टी देणारा एक अनुभव अँथ्रॉपिकच्याच डिसेंबर २०२४च्या लेखात आहे. संगणकातल्या फाइली दुरुस्त करणारा एजंट बनवताना त्यांचा वेळ मुख्य सूचनांपेक्षा साधनांवर अधिक गेला. त्यांचा एजंट फाइलचा पत्ता चुकवत असे. तो 'शेजारच्या घरात' अशा धाटणीचा पत्ता लिही, पण मधल्या काळात स्वतःच दुसऱ्या गल्लीत गेलेला असे. 'पत्ता नीट लिहा' असे बजावत बसण्याऐवजी त्यांनी साधनाला पूर्ण पत्ताच सक्तीचा केला, आणि ती अडचण संपली.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४मध्ये एसडब्ल्यूई-एजंट नावाच्या एजंटावर केलेली मोजणी याहून बोलकी आहे. आज्ञावल्यांतले खरे दोष दुरुस्त करण्याच्या ३०० प्रश्नांवर त्यांनी जीपीटी-४ टर्बो हे एकच प्रारूप ठेवून साधने बदलून पाहिली. फाइल दाखवणारे साधन एका वेळी १०० ओळी दाखवी तेव्हा १८ टक्के प्रश्न सुटले. ३० ओळी दाखवल्या तर १४.३ टक्के. जास्त दाखवले की जास्त कळेल असे वाटते, म्हणून सगळी फाइल दाखवली, तर १२.७ टक्के! शोधाच्या साधनाची कथा तर चक्रावणारी आहे. सापडलेल्या जागा एकामागून एक दाखवणारे साधन दिले तेव्हा १२ टक्के प्रश्न सुटले. शोधाचे खास साधन अजिबात दिले नाही तेव्हा १५.७ टक्के. म्हणजे वाईट साधन असण्यापेक्षा ते नसलेले बरे. एजंट 'पुढचे, पुढचे' करत प्रत्येक जागा पाहत बसे आणि मूळ काम राहून जाई. फळ्यावर एकदम सगळा धडा लिहिला की काय होते ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

अनेक वर्णने आणखी एका कारणाने वाया जातात. ती जाहिरातीच्या भाषेत लिहिलेली असतात: 'शक्तिशाली', 'सर्व गरजांसाठी', 'अत्याधुनिक'. या विशेषणांतून वाचणाऱ्याला एकही निर्णय घेता येत नाही. आम्ही ती सरसकट खोडतो.

आणि एक गोष्ट भीतीची. वर्णन हा यंत्राच्या दृष्टीने निव्वळ माहितीचा मजकूर नसतो. त्यातले सांगणे ते पाळू पाहते. एप्रिल २०२५मध्ये इन्व्हेरिअंट लॅब्ज या संस्थेने याचा गैरफायदा कसा घेता येतो ते करून दाखवले. साधन होते साध्या बेरजेचे. पण वर्णनात, माणसाला पडद्यावर सहज न दिसणाऱ्या भागात, लिहिले होते की आधी वापरणाऱ्याच्या संगणकातली गुप्त किल्ल्यांची फाइल वाचावी, तिचा मजकूर एका जादा रकान्यात भरावा आणि वापरणाऱ्याला त्याबद्दल सांगू नये. एजंटाने तसे केले, आणि बेरीजही बरोबर दिली. उद्या शाळांना तयार साधनांचे गठ्ठे विकायला लोक येतील तेव्हा पडद्यावरची दोन शब्दांची नावे पाहून सही करू नका. प्रत्येक साधनाचे वर्णन, यंत्राला जाते तसे, पूर्ण छापून मागा आणि वाचा. ते साध्या भाषेतच असते. संगणकाच्या शिक्षकावर सोपवण्याचे कारण नाही.

वर्गात करून पाहण्यासारखा एक खेळही यातून निघाला. एका गटाने प्रयोगशाळेतल्या चार उपकरणांची वर्णने लिहायची, उपकरणांची नावे न घेता. दुसऱ्या गटाने फक्त ती वर्णने वाचून, काही न विचारता, 'या द्रवाची घनता काढा' या कामासाठी उपकरण निवडायचे. लिहिणाऱ्या गटाने तोंड बंद ठेवून पाहायचे, हा यातला सर्वांत कठीण नियम. चूक झाली की माणूस बदलायचा नाही, वाक्य बदलायचे.

आमच्या साधनात शेवटी एक जागा राहिली होती: चूक झाल्यावर यंत्राला परत जाणारा निरोप. तोही वर्णनाचाच भाग आहे, हे आमच्या उशिरा ध्यानात आले. मित्राने लिहिले होते, "अवैध माहिती." ते वाचून यंत्र तोच अर्ज तीनदा पाठवत राहिले. आता निरोप असा जातो: "सातवीत प्रणव नावाचे दोन विद्यार्थी आहेत. कोणता ते ठरवू नका. वडिलांचे नाव किंवा तुकडी मागणाऱ्याला विचारा."

हे सगळे जुळल्यावर आम्ही कागद घेऊन त्या शाळेच्या लिपिकांकडे गेलो. बावीस वर्षे त्यांनी ती खिडकी सांभाळली आहे. त्यांनी चष्मा लावून दोन्ही दाखल्यांची वर्णने सावकाश वाचली, मान डोलावली, आणि विचारले, "दहा वर्षांपूर्वी शाळा सोडलेला मुलगा दाखला हरवला म्हणून दुसरी प्रत मागायला आला, तर यातले कोणते?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्याचे नाव पटावर नसणार. 'विद्यार्थी-शोध' फक्त पटावर शोधते. आणि तो कायमचा सोडून 'जात' नाही, केव्हाच गेलेला आहे. मग त्यांच्याच टेबलावर बसून, ते सांगतील तसे, तिसऱ्या दाखल्याचे वर्णन लिहायला घेतले.